फळ्यावर दोन, फोनवर चार

हॅलो?… हो, लिस्बेथच. धक्क्यावरून बोलतेय… नाही जाइर, तू नंतर बोल. आधी माझं ऐक.

आपली वेबसाइट म्हणते, ‘रोसा अमेलिया’ चारला सुटणार. इथे फळ्यावर खडूने दोन लिहिलंय… परत काय बघू? माझ्यासमोर दोर सोडतायत बोटीचे.

भरली होती मी नवी वेळ! सकाळीच कप्तान म्हणाला, सिमेंट चढलं, केळी चढली, दोनला निघतो. तिथल्या तिथे भरली… अरे, पोचली ना सर्व्हरवर. पण वेबसाइटसाठी आणलेलं तुझं ते मोठं फ्रेमवर्क पहाटे एकदा पानं तयार करून ठेवतं आणि दिवसभर तीच शिळी वाढतं… ताजीही वाढता येतात, ठाऊक आहे मला. तू सांगितलंस का त्याला तसं?

…दर तासाला ताजी करू म्हणतोस? लिमात बसून असलंच सुचतं. इथली बोट कधी घड्याळावर सुटलीय? पोट भरलं की निघते. याच धक्क्यावर वाढलास ना तू?

आपलं काय ठरलं होतं? कोडची साधी, छोटी लायब्ररी. फोनवर पान उघडायचं, त्याच क्षणी वेळ विचारायची, दाखवायची. बास. आणि मला न विचारता तू ती बदललीस… हो, हो… अरे ऐक ना… हो, तिच्यात आधी नुसता पांढरा पडदा यायचा. स्वस्तातल्या फोनवर तर किती वेळ तसाच राहायचा, कबूल. पण तो बघून माणूस वैतागून उठायचा आणि फळ्यापाशी जायचा. तुझं पान झटकन उघडतं आणि बेधडक खोटं बोलतं.

तिकडच्या नोकऱ्यांच्या जाहिरातीत तेच फ्रेमवर्क मागतात, म्हणून आणलंस. खरं की नाही?

हं?… कोण, तुझी आई?… तुझ्या बहिणीच्या, दलीलाच्या बाळंतपणाला? याच बोटीने? म्हणून फोन केलास, आणि हे आत्ता सांगतोयस?

थांब… दिसल्या. पानात बांधलेला भात, हुआने विकणारीच्या शेजारी, फळ्याकडे पाठ करून गाठोड्यावर बसल्यात. बोटीत बांधायची झोळीसुद्धा अजून गुंडाळलेलीच. फोन ठेवू नकोस… दोन्या फिदेलिया! अहो बाई, उठा, बोट…

…चढायची फळी काढली रे.

नाही, आता कुठली थांबते. नदीच्या मधल्या धारेला लागली… पुढची? भरेल तेव्हा. शनिवारी, नाहीतर त्याच्याही पुढे. बाळ थांबणार आहे का तोवर?

…रडत नाहीयेत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. फोन दाखवतायत मला. म्हणतात, बोट नुसती जागा बदलत असेल, चारला इथेच येईल, माझ्या जाइरने लिहिलंय.

…नाही, मी नाही सांगणार… नाही म्हटलं ना. तूच सांग.

घ्या दोन्या. तुमचा मुलगा आहे.