पुढच्या खोलीतलं ऑफिस

वकिलांच्या दाराबाहेर बाकावर शिंपीणबाई जांभया देत बसल्या होत्या. शेजारी दोन जावा येऊन टेकल्या आणि बाईंची झोप उडाली.

"ताई, परदेशी कंपनीचं ऑफिस तुमच्या पुढच्या खोलीत, म्हणजे मान तुमचाच," धाकटी म्हणाली.

"मान माझा आणि खुर्ची तुझी! काय विकणार तिथे?"

"काहीच नाही. मी त्यांची नुसती प्रतिनिधी, मला विकायची परवानगी नाही. इथल्या चौकशा ऐकायच्या आणि तिकडे कळवायच्या."

"एवढंच? ते तर तू लग्न होऊन आल्यापासून करतेयस."

"ताई!"

"बरं, पाटी केवढी?"

"हातभर. पितळेची. खाली माझं नाव."

"आणि दारावरची माझी?"

"ती जरा खाली सरकवू."

"वा गं वा! आयत्या बिळावर नागोबा, आणि वर नागोबाच्या नावाची पाटी!"

"असं काय करता? जागा देते असं तुम्हीच तर म्हणालात."

"तेव्हा मला वाटलं, कोणीतरी परका साहेब येईल."

आतून वकिलांनी विचारलं, "जागेची मालकीण कोण?"

"मी!" थोरली ताडकन उठली. "आणि साहेब, आधी हे लिहून घ्या. किल्ली माझ्याकडेच राहील. साहेबीणबाईंनी रोज बेल वाजवून आत यायचं."