आत्याच्या दुकानावरचा ओव्हरड्राफ्ट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच उद्यापासून या कार्यालयाची धुरा सांभाळणारे सरांचे चिरंजीव. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे. ज्यांच्यासाठी आपण सगळे वेळात वेळ काढून आलो ते आदरणीय सर, आणि त्यांच्या पत्नी, आपल्या सगळ्यांच्या बाई. सरांनी ज्यांच्या इमारती कागदावर उभ्या केल्या ते मालक, आणि ज्यांनी त्या उन्हात उभ्या केल्या ते कंत्राटदार. माझे जुने सहकारी. आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली, या कार्यालयात सध्या उमेदवारी करणारी तरुण मंडळी. सगळ्यांना मनापासून नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिलाय, 'सरांचं ऋण'. आधीच्या वक्त्यांनी तो इतका सुंदर मांडला की माझ्यासाठी फारसं काही उरलेलं नाही. पण ऋण या विषयात माझा थोडा जास्त अभ्यास झालाय. तेव्हा सांभाळून घ्या.

सुरुवात चांगल्यापासूनच करते, आणि ते खरंही आहे. सरांसारखा शिकवणारा मला पुन्हा भेटला नाही. मी नवीन असताना एका शाळेचा जिना काढून त्यांच्यासमोर ठेवला. सरांनी विचारलं, "हा जिना कोण चढणार?"

मी म्हटलं, "लोक."

"कोण लोक? एकीच्या कडेवर पोर आहे, दुसऱ्या हातात पिशवी आहे, आणि ती दमलेली आहे. आता काढ."

आजही जिना काढताना ती बाई माझ्या समोरून चढते. हे सरांचं देणं आहे आणि ते मी कधी नाकारलं नाही. टाळ्या वाजवा, हरकत नाही. पुढे कदाचित वाजवाव्याशा वाटणार नाहीत.

आत्ता एका वक्त्यांनी सांगितलं की या कार्यालयात सरांनी कुणाला नोकर मानलं नाही, सगळ्यांना मुलांसारखं वागवलं. अगदी बरोबर आहे. आपल्या मुलांना कोण पगार देतं?

हसलात. मीही हसायचे. बरीच वर्षं हा किस्सा मी हसतच सांगत आले. आज हसत सांगायचा नाही असं ठरवून आले आहे, आणि का, तेही सांगते.

मला आत्यानं वाढवलं. आई-वडील लवकर गेले, आणि आत्या तिच्या कपडे धुऊन इस्त्री करून देण्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मला घेऊन आली. दुकान एवढंसं. पुढे काउंटर, मधे हँगरला टांगलेले लोकांचे कोट, मागे आमची दोन माणसं आणि एक गॅस. कोट इतके जवळ टांगलेले असत की अभ्यासाला बसले की अनोळखी माणसांच्या बाह्या डोक्याला लागायच्या. आत्या म्हणायची, "बघ, किती लोक आशीर्वाद देतायत तुला."

मला आर्किटेक्ट व्हायचं होतं. शेवटच्या दोन वर्षांची फी आणि कॉम्प्युटर यांसाठी आत्यानं दुकानाच्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट घेतला. इथं व्यापारी मंडळी आहेत, त्यांना सांगायला नको. मागच्या तरुण मंडळींसाठी सांगते. खात्यात पैसे नसतानाही बँक एका मर्यादेपर्यंत काढू देते, आणि जेवढे काढले त्यावर दर महिन्याला व्याज कापून घेते. दिसायला गोड प्रकरण आहे. आत्यानं सही करताना बँकेतल्या साहेबांना विचारलं होतं, "म्हणजे माझ्याकडे नसलेले पैसे मी खर्च करायचे, आणि असलेले तुम्ही न्यायचे?" साहेब म्हणाले, "तसंच काहीसं, बाई." घरी आल्यावर मला म्हणाली, "तुझा पगार सुरू झाला की फेडू. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

पदवी मिळाली आणि सरांनी मला घेतलं. त्या दिवशी आत्यानं दुकान दुपारीच बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा. गिऱ्हाईक दार ठोठावत होतं आणि ही आतून ओरडून सांगत होती, "उद्या या, आमच्या पोरीला नोकरी लागली!"

मुलाखतीत पगाराचं विचारायला माझी जीभ रेटेना. सर म्हणाले, "आधी काम बघू, मग बोलू." पहिले तीन महिने येण्याजाण्याचा खर्च मिळेल असं ठरलं. तीन महिन्यांनी म्हणाले, पगाराचं पुढच्या तिमाहीत बघू. त्या तिमाहीत एका मोठ्या कामाचे पैसे अडकले होते. त्यापुढच्या तिमाहीत ते सुटले आणि ऑफिसला नवी गाडी आली. सुरेख गाडी होती. तिच्या पार्किंगचा आराखडा मीच काढला.

तिकडे दुकानात काय चाललं होतं? व्याज कुणाच्या तिमाहीची वाट बघत नाही. ते न चुकता येतं आणि पानभर जेवून जातं. वर्ष संपलं तेव्हा बँकेनं आत्याला बोलावलं. निम्मी रक्कम भरा, नाहीतर ओव्हरड्राफ्ट पुढे चालू ठेवता येणार नाही, सगळी रक्कम एकदम वसूल करू. आत्यानं वाफेवरचं इस्त्रीचं मशीन विकलं आणि निम्मी रक्कम भरली. मशीन गेलं म्हणून जुनी जड इस्त्री माळ्यावरून खाली काढली आणि पुन्हा हातानं सुरू केलं. वय साठीकडे झुकलेलं.

मी म्हटलं, "आत्या, मला सांगायचं तरी."

"सांगून काय? तू काय घड्या घालणार होतीस? जा, तुझ्या सरांनी बोलावलं असेल."

त्या आठवड्यात मी धीर करून सरांशी बोलले. ते गाडीत बसत होते. मी घरची परिस्थिती सांगितली. मशीन विकल्याचंही सांगितलं. सर थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू पैशासाठी आलीस का इथे? मला वाटलं होतं, तू वेगळी आहेस." दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर स्थापत्यावरचं एक जाडजूड, सुंदर पुस्तक होतं. आत सरांची सही. 'प्रिय विद्यार्थिनीस'.

मला रडू आलं, आणि लाजेचं रडू आलं. आपण किती कोत्या मनाचे, सर किती मोठे! आज मला त्या रडण्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. पगार मागणाऱ्याला लाज वाटावी आणि बुडवणाऱ्याला मोठेपणा मिळावा, ही व्यवस्था कुणी काढली? कुठल्या आर्किटेक्टनं?

बाई, आपण अस्वस्थ होऊ नका. आपण मला दुपारी आपल्या डब्यातलं वाढत होता, ते मी विसरलेले नाही. पण बाई, एका माणसाचं जेवण म्हणजे पगार नव्हे. घरी दुसरं माणूस होतं.

पुढे एका रुग्णालयाचं काम आलं. सकाळी प्रत्यक्ष जागेवर मी, दुपारी नकाशांवर मी, बैठकीत चहाच्या कपांशेजारी गप्प बसलेली मी. रुग्णालयाच्या मालकीणबाई स्वतः डॉक्टर होत्या. एका बैठकीत त्यांनी शस्त्रक्रियेच्या खोल्यांबद्दल काही विचारलं आणि सर उत्तर देऊ लागले. डॉक्टरबाईंनी त्यांना थांबवलं. "तुम्ही राहू द्या. या मुलीच्या तासांचे पैसे मी मोजते, तिलाच बोलू द्या की."

मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. डोक्यात एकच घुमत होतं. माझ्या तासांचे पैसे? बैठक संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. "डॉक्टर, माझ्या तासाचे किती लावतात?" त्यांनी आकडा सांगितला. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला किती मिळतात?" मी सांगितलं. मला महिनाभरात जे मिळत होतं त्यापेक्षा जास्त त्या माझ्या एका दिवसाचे भरत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. बसायला न सांगताही बसले.

"सर, माझे पैसे येतात. मग ते जातात कुठे?"

सर शांतपणे म्हणाले, "कार्यालय चालवायला खर्च असतो. जागा, वीज, नाव. लोक माझ्या नावाचे पैसे देतात, तुझ्या नाही."

"ठीक आहे सर. नावाचे आपण ठेवा. हातांचे तरी द्या."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "दार उघडं आहे."

मी उठले आणि त्या उघड्या दारातून बाहेर पडले. ते पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवून गेले. एवढं एकच नाटक केलं. ते मला परवडण्यासारखं होतं.

पण दार एकच उघडं होतं, हे नंतर कळलं. मी ज्या ज्या ऑफिसात गेले तिथं माझ्या आधी सरांचा फोन पोहोचलेला. मुलगी हुशार आहे, पण पैशावर डोळा आहे. आज पहिल्या रांगेत बसलेल्या दोन गृहस्थांनी मला याच शब्दांत परत पाठवलं होतं. त्यांची नजर आत्ता छताकडे गेली आहे, म्हणून सांगते. छत उत्तम आहे. गळत नाही.

मग मी काय केलं? फर्निचरच्या एका दुकानासाठी लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाकघरं मोजली. बेकरीच्या पाट्या काढल्या. व्यायामशाळेच्या न्हाणीघरांचे नकाशे केले. लोकांनी रोख दिले, कधी उधार ठेवले, पण 'तू वेगळी आहेस' असं कुणी म्हटलं नाही. मिळेल ते बँकेत टाकत गेले. व्यवसाय उभा करायच्या वयात मी दुसऱ्यांनी थकवलेल्या पगाराचं व्याज भरत होते. माझ्याबरोबरीचे स्वतःच्या ऑफिसची जागा बघत होते आणि मी ओव्हरड्राफ्टचा आकडा बघत होते. तो कमी होई, पुन्हा व्याज लागे, पुन्हा वर येई.

शेवटी एकदाचा तो शून्यावर आला. आम्ही दोघी बँकेत गेलो. नवीन, हसतमुख अधिकारी होता. म्हणाला, "अभिनंदन! तुमचा व्यवहार इतका चांगला आहे की आम्ही तुमची मर्यादा दुप्पट करायला तयार आहोत." आत्या त्याला म्हणाली, "बाळा, माझी मर्यादा संपली आहे. ते बंद कर, आणि बंद केल्याचं तोंडानं सांग, मला ऐकायचंय." त्यानं सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं.

कर्ज फिटलं. पण आत्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतात, त्या जड इस्त्रीनं सांधा कायमचा गेला. रोज सकाळी तिचे केस मी विंचरते. तिला त्याचं काही वाटत नाही. "आयती वेणी मिळते," म्हणते. मला वाटतं. मला रोज सकाळी वाटतं. बँकेचं व्याज फिटलं, सर. हे कुणी भरायचं?

माफ करा, आवाज चढला. पाणी नको, थँक्यू.

तुम्ही म्हणाल, जुनं झालं ते, आज निरोपाच्या दिवशी कशाला? मीही हेच म्हणून घरी बसणार होते. पण परवा समारंभाच्या संयोजकांचा फोन आला. सरांना त्यांच्या पहिल्या इमारतीची चांदीची प्रतिकृती द्यायची आहे, वर्गणी द्या. आणि कौतुकानं म्हणाले, "अहो, उमेदवारी करणाऱ्या पोरांनीसुद्धा दिली!" मी लगेच अध्यक्षांना फोन केला. विचारलं, या मुलांचं मानधन वेळेवर होतं का? अध्यक्ष मोकळ्या मनाचे आहेत, खरं बोलले. "थोडं थांबवलंय, ताई. समारंभ आटपला की बघू."

म्हणजे ज्यांना आपण द्यायचं थांबवलंय, त्यांच्याकडून आपण चांदी घेतली!

मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणीही माझ्याशी एक अक्षर बोललेलं नाही. मी त्यांना ओळखतही नाही. तेव्हा उद्या त्यांच्याकडे कुणी रोखून बघू नये. बघायचं तर माझ्याकडे बघा, माझा पत्ता सगळ्यांना माहीत आहे.

काय म्हणालात, सर? माइक द्या सरांकडे. नको? बरं, मागे ऐकू आलं नसेल, मी सांगते. सर म्हणतायत, "वर्गणीचं मला कुणी सांगितलं नव्हतं."

मान्य, सर. मी विश्वास ठेवते. पण मानधनाचं? ते तर आपलं आपल्याला माहीत होतं ना?

राहू द्या सरांना. त्यांना आणखी विचारणार नाही. आज निरोप त्यांचा आहे, कार्यालय उद्यापासून चिरंजीवांचं आहे. म्हणून अध्यक्ष महोदय, शेवटचा प्रश्न आपल्याला, सगळ्यांच्या देखत. ती चांदी सरांच्या हातात देण्याआधी मुलांची वर्गणी परत करणार का? आणि थकलेलं मानधन कधी देणार? मान हलवू नका, माइक आपल्याच समोर आहे.

"वर्गणी आज. मानधन सोमवारी." ऐकलंत सगळ्यांनी? आभारी आहे. मनापासून आभारी आहे.

सर, आपल्याला निवृत्तीचे दिवस सुखाचे आणि निरोगी जावोत, हे मी खरोखरच म्हणते. बाई, आपल्यालाही. मला बोलावणाऱ्या संयोजकांचे आभार; पुन्हा बोलावतील असं वाटत नाही. पाच मिनिटांची पंधरा झाली तरी माइक बंद न करणाऱ्या गृहस्थांचे विशेष आभार. बोलण्याच्या भरात एखादा शब्द जास्त गेला असेल तर लहान समजून पदरात घ्या. देण्याच्या वेळी मात्र एक पैसा जरी कमी गेला, तर सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसात येऊन बसेन, आणि या वेळी कुणी दार दाखवलं तरी उठणार नाही.

नमस्कार.