हवा-कचेरीच्या टेबलावर सांडलेल्या बादलीबाबत

जबाब देणाऱ्याचे नाव नोंदवहीत वेगळे लिहिले आहे; चौकात सगळे मला शिंपीकाका म्हणतात. वय एकोणसाठ वर्षे. धंदा शिवणकाम. राहणार मोठ्या सिग्नलच्या कोपऱ्यावरील दुमजली इमारत, खाली दुकान, वर घर.

मी आज दुपारी अडीच वाजता ठाण्यात स्वतः हजर असून, विचारलेल्या प्रश्नांवरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, माझी बायको आणि सात वर्षांची नात असे तिघे राहतो. नात माझ्या मुलीची. मुलगी परगावी इस्पितळात परिचारिका आहे, तिच्या कामाच्या वेळा रोज बदलतात, म्हणून नात दोन वर्षांपासून आमच्याकडे आहे.

दुकानाच्या उंबऱ्यापासून रस्ता चार पावलांवर आहे. तीन वर्षांपूर्वी गोदामांकडे जाणारे जड ट्रक या रस्त्याने वळवण्यात आले. सिग्नल एकशे चाळीस सेकंद लाल राहतो. मी घड्याळ लावून मोजले आहे, एकदा नव्हे, पंचवीस वेळा. तेवढा वेळ ट्रक जागच्या जागी घुरघुरत उभे असतात आणि एकही चालक इंजिन बंद करत नाही. सुरुवातीला मी खाली उतरून हात जोडत असे. त्यावर एक चालक म्हणाला, "काका, बंद केलं तर परत चालू होत नाही. तुम्ही ढकलणार का?" त्यानंतर मी हात जोडणे सोडले.

पांढरे कापड शिवायला घेणेही सोडले. सकाळी बेतलेला सदरा संध्याकाळी राखाडी होतो आणि गिऱ्हाईक माझ्याकडे चोराकडे बघावे तसे बघते.

माझी बायको दिवसातून तीनदा घर पुसते. लग्नाला छत्तीस वर्षे झाली, पण घरी आलेल्या माणसाला तिने मळका पेला दिला असे एकदाही झालेले नाही. ट्रक वळवल्यापासून तिचे आणि काजळीचे जे चालले आहे त्याला मी लढाई म्हणतो, ती काम म्हणते. तिसऱ्यांदा पुसले तरी बादलीतले पाणी काळेच निघते. याचा गुन्ह्याशी काय संबंध, असे लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारले. संबंध आहे. पुढे येईल.

नातीला दम्याचा त्रास आमच्याकडे आल्यावर सुरू झाला. औषधाचा पंप तिच्या दप्तरात एक, दुकानात एक आणि उशाशी एक असतो. गेल्या वर्षी दोनदा आणि यंदा तीनदा तिला इस्पितळात ठेवावे लागले. गेल्या वर्षी दुसऱ्यांदा नेले तेव्हा ती सकाळी शाळेसाठी बूट घालत होती. एक बूट पायात होता. "आजोबा, नाडी बांधा," असे ती म्हणाली, आणि ते तीन शब्द म्हणायला तिला तीन श्वास लागले. पाच दिवस ती ऑक्सिजनवर होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, औषध मी देईन हो. पण तुम्ही तिला ट्रकच्या नळकांड्यापाशी झोपवताय. एक तर तो रस्ता हलवा, नाहीतर पोरीला हलवा."

पोरीला हलवायचे तर कुठे, हा प्रश्न होता. म्हणून मी रस्ता हलवायचे ठरवले. माणूस वैतागला की काहीही ठरवतो.

हवा मोजणाऱ्या सरकारी कचेरीत मी एकूण चौदा हेलपाटे घातले. अर्ज साध्या कागदावर केला तर छापील पाहिजे म्हणाले, छापील केला तर जुना नमुना बंद झाला म्हणाले. अखेर असे ठरले की, आमच्या घरी नव्वद दिवस हवा मोजायची. घाण मर्यादेबाहेर निघाली तर जड ट्रक बाहेरच्या रस्त्याने जातील. नाही निघाली तर अर्ज निकाली. मी बायकोला म्हणालो, "आता काळजी नको. आपल्याकडे घाणीला तोटा नाही."

त्यानुसार आमच्या गॅलरीत एक पत्र्याचा डबा बसवण्यात आला. त्यातला पंखा हवा ओढतो. ती हवा एका गोल पांढऱ्या कागदातून जाते आणि घाण कागदावर बसते. दर आठ दिवसांनी कचेरीचा तंत्रज्ञ येतो, कागद घेऊन जातो, नवा लावतो. नेलेल्या कागदाचे वजन करून हवा किती खराब ते ठरवतात. डब्याच्या खालच्या कप्प्यात सुटे कोरे कागद असतात. ते दाखवून तंत्रज्ञ बायकोला म्हणाला होता, "काकू, कागद फाटला किंवा भिजला तर यातला लावा." काळा झाला तर काळा राहू द्या, असे तो म्हणाला नाही. तसे सांगावे लागेल हे कोणाच्या बापाच्या ध्यानात येणार? मी त्या वेळी खाली दुकानात होतो.

पहिल्या महिन्याअखेर कचेरीचे पत्र आले की, आमच्या येथील हवा समाधानकारक आहे. मला वाटले, टंकलेखकाची चूक असेल. दुसऱ्या महिन्याचे पत्र आले त्या दिवशी नात पुन्हा ऑक्सिजनवर होती. त्यातही हवा समाधानकारक होती. गेल्या सोमवारी तिसरे पत्र आले. त्यात समाधानकारक हवेच्या खाली, अर्ज निकाली काढण्यात येत आहे, असे लिहिले होते.

आज सकाळी पावणेअकरा वाजता मी बायकोची पुसण्याची बादली, सकाळच्या पाण्यासकट, झाकण लावून बसने कचेरीत नेली. बसमध्ये मला बसायला जागा मिळाली, कारण शेजारी कोणी बसेना. साडेअकराला मी साहेबांच्या खोलीत गेलो, बादली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढले. साहेब म्हणाले, "हे काय आहे?" मी म्हणालो, "समाधानकारक आहे."

साहेबांनी बादली माझ्याकडे सारली. मी ती त्यांच्याकडे सारली. अशी ती तीनदा इकडून तिकडे गेली आणि चौथ्यांदा आडवी झाली. पाणी फायलींवर, टेबलावर आणि साहेबांच्या मांडीवर गेले. मी बादली फेकली, असे तक्रारीत लिहिले आहे ते खोटे आहे. फेकायची असती तर झाकण लावून एवढी जपून नेली नसती. साहेबांच्या मांडीबद्दल मला वाईट वाटते, फायलींबद्दल वाटत नाही.

साहेब ओरडून म्हणाले, "आमचं यंत्र खोटं बोलत नाही! कागद स्वच्छ आहे म्हणजे हवा स्वच्छ आहे!" तेवढ्यात तंत्रज्ञ फडके घेऊन आला. पुसता पुसता तो मला हळूच म्हणाला, "काका, एक विचारू? तुमच्याकडे सुटे कागद फार लागले. मी दर खेपेला कप्पा भरायचो आणि वहीत 'पावसाने भिजले' असं लिहायचो. पण या तीन महिन्यांत पाऊस पडलाय कुठे?"

म्हणजे बाहेर ऊन आणि यांच्या वहीत पाऊस. नव्वद दिवसांत एकाही शहाण्याने खिडकीतून डोके बाहेर काढून पाहिले नाही. परंतु तंत्रज्ञाचे बोलणे कानावर पडले त्या क्षणी कागद कसे लागले ते मला कळले. तंत्रज्ञाचे बोलणे साहेबांनीही ऐकले होते. त्यांनी विचारले, "कागद कोणी बदलले?" मी म्हणालो, "मी बदलले." साहेब म्हणाले, "म्हणजे अर्जदारानेच मोजणीत ढवळाढवळ केली! आता दोन वर्षं या पत्त्यावर मोजणी होणार नाही." त्यांनी लगेच पोलिसांना फोन केला.

कागद मी बदलले, हे मी कचेरीत सांगितलेले विधान खोटे आहे. जबाबात खोटे सांगता येणार नाही, असे हवालदारांनी सुरुवातीलाच बजावले आहे, म्हणून खरे सांगतो.

डबा बसवल्यानंतर चार-पाच दिवसांनी मी एका कोटाची बाही टाचत बसलो होतो. बायको चहा घेऊन खाली आली आणि म्हणाली, "अहो, त्या डब्यातला कागद बघवत नाही. नुसता कळकट झालाय. तो मुलगा येईल आणि म्हणेल, काय घर ठेवलंय बाईनं! खाली कोरे आहेत की, मी बदलत जाते रोज." माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी "हं" म्हणालो.

तोंडात टाचण्या असल्या की शिंप्याला "हं"शिवाय दुसरे काही म्हणता येत नाही. पण टाचण्या काढून हातात घेता येतात. मी काढल्या नाहीत, कारण मी ऐकतच नव्हतो.

त्या दिवसापासून गॅलरी पुसताना ती डब्याचे झाकण उघडत असे. ते मी रोज वर चहा पिताना पाहत होतो. मला वाटे, डबा पुसते आहे. तंत्रज्ञ ज्या दिवशी येणार त्या दिवशी ती पहिले काम तेच करी, त्यामुळे त्याने नेलेले कागद तासा-दोन तासांचे होते. काळे कागद ती कचऱ्यात टाकत असे. त्यातला एकही आता शिल्लक नाही.

ट्रकवाल्यांवर मी चिडलो, साहेबांवर चिडलो, तंत्रज्ञावर चिडलो. बायकोवर चिडता येत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तिने माझ्यावर उपकार म्हणून किंवा कोणाचे वाकडे व्हावे म्हणून काही केलेले नाही. घाणीत राहतो असे कोणी म्हणू नये, एवढेच तिला हवे होते. आणि आम्ही घाणीत राहतो हे सिद्ध झाले असते तर नात आमच्याजवळ राहिली असती.

येत्या रविवारी मुलगी येऊन नातीला घेऊन जाणार आहे. तिथे मुलगी कामावर गेली की नात शेजारणीकडे राहील. शेजारीण कशी आहे ते आम्हांला माहीत नाही. तिच्या घराजवळ मोठा रस्ता नाही, एवढे माहीत आहे.

येथे हवालदारांना खोकल्याची उबळ आल्याने जबाब दहा मिनिटे थांबला. ते चार वर्षे आमच्याच सिग्नलवर वाहतुकीला उभे होते, असे त्यांनी सांगितले. हेही लिहा, असे मी म्हणालो. आधी ते नाही म्हणाले, मग त्यांनी लिहिले.

फायली खराब झाल्याबद्दल जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. माझी विनंती एकच आहे. माझी बायको खबर मिळताच नातीला घेऊन आली असून या खोलीच्या दाराबाहेर बाकावर बसली आहे. कचेरीने खोटे आकडे लिहिले, असे ती सोमवारपासून समजते आणि साहेबांना शिव्या घालते. तिला तसेच समजू द्यावे. साहेबांचे त्यात काही जात नाही. पोर घरातून जाते आहे, एवढेच तिला पेलेनासे झाले आहे. ती कशामुळे जाते आहे, हे कोणी तिला सांगू नये.

हवालदार म्हणाले, जबाब मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. मी म्हणालो, वाचा, पण हळू वाचा. दोन ठिकाणी त्यांचा आवाज चढला तेव्हा मी त्यांना थांबवले. मग त्यांनी उठून दार लावून घेतले आणि उरलेला मजकूर माझ्या कानाशी वाचला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करतो.