फादरच्या अंगठ्याचं कुंकू

आफ्रिकेत मिशनवर तुम्ही दिवसभर करायचात तरी काय, असं सगळ्याच विचारतात. हे शाळेत गणित शिकवायचे, मी दवाखान्यात सिस्टरांच्या हाताखाली पट्ट्या धुवायचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

एका सकाळी सगळे चर्चमध्ये रांगेत उभे. त्यांच्या मोठ्या उपासांचा पहिला दिवस. फादर प्रत्येकाच्या कपाळाला अंगठ्यानं राख लावत होते.

"उभी राहा गं, अंगारा समज," हे म्हणाले.

अंगाऱ्याचं काही नव्हतं, पण मी नुकतंच मेणावर कुंकू लावून आले होते. मी फादरना भुवईच्या वरची जागा बोटानं दाखवली. ते हसले आणि त्यांनी अंगठा नेमका कुंकवावर टेकवला. माझं कुंकू पुसलं गेलं, आणि हे दुपारी जीपनं लांबच्या गावी निघणार होते. मागे वळून पाहिलं, तर अंगठ्याला चिकटलेलं कुंकू माझ्यामागच्या प्रत्येक सिस्टरच्या कपाळावर उमटत चाललेलं.

हे सुखरूप परतले. तरी विट्याला घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं भीत भीतच सांगितलं.

"पुसलं कुठं गं? वाटलंस की," त्या म्हणाल्या. "आन् वाण काय दिलंस त्या बायास्नी?"