ओत्ताव्हियो आजोबांचं मत

"आज आपण इटली वाचवणार!"

"आधी स्वेटर नीट करा, आजोबा. उलटा घातलाय."

मतदानाच्या रांगेत ही दोघं माझ्या पुढे होती. ओत्ताव्हियो आजोबा आणि त्यांना सांभाळणारी, मोल्दोव्हाहून आलेली रोदिका.

"बाहेरचे सगळे हाकलले पाहिजेत."

"मी बाहेरचीच की."

"तू घरची गं."

"आणि माझी इलियाना? सहा वर्षांची पोर. तिला इथं आणायची परवानगी अजून मिळाली नाही. तुमचा पक्ष तर ती वाटच बंद करणार म्हणतोय."

"ते इतरांसाठी. तुझ्यासाठी मी बोलेन त्यांच्याशी."

"तुमचं कोण ऐकणार? पोटचा मुलगा फोन उचलत नाही तुमचा."

"जीभ फार चालते हल्ली."

"इलियाना इथं आली नाही, तर मीच तिकडे जाईन. आत्ताच सांगून ठेवते."

"धमकी देतेस?"

"नाही हो. रात्री तुम्हाला लघवीला कोण उठवेल, एवढंच विचारतेय."

रांग पुढे सरकली. आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं.

"रोदिका."

"काय?"

"चष्मा पुसून दे गं जरा. आतली चिन्हं फार बारीक असतात."