पंचमीची भाजी आणि गायरान

तुम्हाला सांगते, यंदा आमच्या ग्रामसभेत ऋषिपंचमीच्या उपासावरून गाडं अडलं. गावाचं गायरान एका शेठना गोदामासाठी द्यायचा ठराव होता. "चारी बाजूंनी कुंपण घालू, पोरांना कामं देऊ," शेठ म्हणाले. कामं हवीतच, म्हणून सगळे तयार.

मी लग्न झाल्यापासून हे व्रत करते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, आपोआप उगवलेलंच चालतं. गावातल्या साऱ्या बायका ती भाजी गायरानातूनच खुडतात. मी कशीबशी उभी राहिले नि विचारलं, "मग आम्ही पंचमीची भाजी कुठून आणायची?"

शेठ हसले. "वहिनी, माझ्या फार्मवरची पाठवतो. सगळं ट्रॅक्टरवर, बैल नाहीच!"

सभाही हसली. पलीकडच्या वाडीतली काळूबाई तेवढी हसली नाही.

"शेट, ती तुमी पेरलेली. तुमी देणार तवा आमी खाणार. गायरानात मला कोणाला इचारावं लागत नाय. नि मी तं पावसात रोज तिथलंच खाते, उपास नसला तरी."

शेठ हळूच म्हणाले, "माझी आईपण हा उपास करायची."

"मग सांगा," मी म्हटलं, "भाजीसाठी ती कधी कोणाच्या फाटकाशी उभी राहिली होती का?"

शेठनी नकारार्थी मान हलवली. सरपंचांकडे वळून म्हणाले, "ठराव राहू द्या. गोदामाला मी हायवेकडं विकतची जागा बघतो. पोरांना तिथं कामाला पाठवा."