बिनपट्टीची गाडी

नाही सापडायची. बॉनेटमध्ये मुंडकं घालून सांजपर्यंत उभे राहिलात तरी तेलाची पट्टी तुम्हाला सापडायची नाही, बेझालेलभाऊ, कारण ती नाहीच आहे — हरवली नाही, तुटली नाही, मी काढून ठेवलेली नाही, माझ्यावर संशय नको — कंपनीनेच दिलेली नाही. मलाही आधी तुमच्यासारखंच वाटलं होतं. म्हटलं, इतायने काढून घेतली. इताय म्हणजे माझा जावई, ज्याने ही गाडी माझ्या गळ्यात मारली. आणि तुम्हाला फोनवर इथला पत्ता दिला ती रोनित, माझी मुलगी, त्याची बायको. जाहिरात तिची, गाडी माझी — हे एक आधी समजून घ्या. ते कोण उभं आहे तुमच्या मागे? बायकोला घेऊन आलात का? — खांब? हं, खांबच की. ऊन येतं डोळ्यांवर.

पेताह तिक्वाहून आलात ना? बसने? शुक्रवारी दुपारी, शब्बातसाठी बसा बंद व्हायच्या बेताला? मग परत कसे जाणार — म्हणजे गाडी घेऊनच जायचं असं घरून ठरवून निघालात! बघा, मी म्हातारी आहे, खुळी नाही. काय सांगितलं रोनितने? आई म्हणत नाही ती, इमा म्हणते — इमा एकटी असते, इमाला गाडीतलं काही कळत नाही — असंच ना? राहू दे, बोलू नका, कळलं मला. आणि मराठी बोला म्हणजे इमा विरघळेल, हे पण तिनेच शिकवलं असेल. स्वतः माझ्याशी हिब्रूशिवाय बोलत नाही ती. मी विचारते मराठीत, ती उत्तर देते हिब्रूत, आणि गाडी विकायची झाली तेव्हा बरोबर ठाण्याचा माणूस शोधून काढला! ठाण्याचेच म्हणालात ना? मग आमच्या पेणकरांना ओळखत असाल. मी मेबल पेणकर. येहेझकेल पेणकरांची बायको. भायखळ्याला राहायचे — नसाल ओळखत. आता ते नाहीत पण.

तेलाचं म्हणत होते मी. आमच्यात तेल कधी दुसऱ्याच्या सांगण्यावर घेतलेलं नाही. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही पण त्यातलेच — आपल्या ज्यू लोकांना कोकणात शनवारतेली का म्हणायचे? घाण्याचे तेली, शनिवारी शब्बात म्हणून घाणा बंद. माझ्या आजोबांचा घाणा होता, ते तेलात बोट बुडवून दुसऱ्या बोटावर घासायचे आणि सांगायचे, यात भेसळ आहे. येहेझकेलचं पण तेच. शुक्रवारी आंघोळीच्या आधी बॉनेट उघडायचे, पट्टी ओढायचे, जुन्या बनियनला पुसायचे, परत घालायचे, परत ओढायचे — आणि मग बोट. काळं किती, पातळ किती, जळका वास येतो का. मी आत शब्बातचा दिवा भरायची, ते बाहेर गाडी बघायचे, आणि दोघांचे हात तेलाचे. ते गेले तशी दोन्ही कामं माझी झाली. पेल्यात पाणी, वर गोडं तेल, वात, आणि मग खाली येऊन गाडी. जुन्या गाडीची पट्टी मी डोळे मिटून काढायची, खरंच, डोळे मिटून. आणि इतायने काय केलं? जुनी गाडी नेली, ही आणली, म्हणाला, इमा, आता हात काळे करायला नकोत, गाडी स्वतःच सांगते तेल किती आहे. म्हटलं, कुणाला सांगते? म्हणाला, तुला. म्हटलं, मलाच कशावरून?

हसू नका. विचार करा. गाडीच्या पोटात तेल किती ते गाडीलाच माहीत. मला उघडून बघायची सोय नाही. एक बटण दाबायचं, की तिथे, स्टिअरिंगच्या मागे, अक्षरं येतात — मुंग्यांएवढी अक्षरं, कुणी वाचायची? म्हणजे वाचते मी, वाचते! इथे आल्यावर हिब्रूच्या वर्गात, उल्पानमध्ये, मी पहिली आले होते, आमच्या तुकडीत बगदादच्या बायका होत्या त्यांच्या पुढे मी. चष्मा पण नवीन आहे. पण गाडी जे लिहील ते मी खरं का मानायचं? उद्या डॉक्टर म्हणाला, तुमचं रक्त बघायचं नाही, आमचं मशीन म्हणतं ते ऐका — तुम्ही ऐकाल? आणि तो मुसाखवाला मेकॅनिक, त्याच्याकडे मी गाडी नेली की रोनितचा फोन लगेच, इमा, गॅरेजमध्ये गेली होतीस? हिला कोण सांगतं? गाडीच सांगत असणार. इतायने तसंच काहीतरी बसवून आणलंय. म्हणून मी आपली माझी पद्धत ठेवली.

पद्धत म्हणजे — काही नाही. शुक्रवारी दिवा भरून झाला की खाली यायचं, ते वरचं झाकण फिरवायचं आणि एक पेला तेल घालायचं. गाडीचं तेल हो, पेट्रोल पंपावरून आणते, दिव्याचं नाही! आणि पेला पण तो नाही, त्याच्या जोडीचा, काठ उडालेला. एवढ्याने काय होतं? दिव्यात तेल जास्त झालं म्हणून दिवा कधी बिघडला आहे का? कमी झालं तर अर्ध्या रात्री विझतो आणि शब्बातला परत लावता येत नाही, म्हणून आई म्हणायची, काठोकाठ भर. प्रत्येक शुक्रवारी, हो. चुकवला नाही एक पण. बोटाने बघायला मिळत नाही ना, मग निदान घातलं तरी आहे हे तर माहीत असावं.

कुठे जाते विचारता? दर गुरुवारी ओफाकिमला. माझी बहीण सोफी तिथे आहे, बिछान्यावर. तिला उठता येत नाही, एक बाई येते पण ती जॉर्जियाची, सोफी तिच्याशी काय बोलणार? सोफीला आता हिब्रू राहिलं नाही, डोक्यातून पुसून गेलं, फक्त मराठी राहिलं. म्हणजे आठवड्यातून एकदा, मी गेले की ती बोलते. बाकीचे दिवस मुकी. दोन बसा बदलून जाता येतं, पण दोन बसांत माझा निम्मा दिवस जातो आणि ती माझी वाट बघत रडते. आता तुम्ही सांगा, गाडी गेली तर सोफीचं काय? रोनित म्हणते, मी नेईन. कधी नेलं? रोनितला ऑफिस आहे. म्हणून म्हणते, हे सगळं ठरवून चाललंय. मला घरी बसवायचं. आधी म्हणाले, इमा, हळू चालवतेस. मग म्हणाले, फार मध्यातून चालवतेस. गेल्या गुरुवारी तो एक म्हातारा रशियन सायकलवर कुठून उगवला देव जाणे — रस्ता रिकामा होता, मी बघितला होता रिकामा — आणि एकदम तो गाडीच्या दिव्यासमोर, शिव्या देत! मी दिसलो कसा नाही म्हणे. अरे, तू आकाशातून पडलास तर मी काय करू? हे रोनितला सांगितलेलं नाही मी. तुम्ही पण सांगू नका.

करा चालू, करा. धूर येईल. निळसर, हो. जळका वास, हो. तेच तर कारण काढलंय त्यांनी — इमा, इंजिन गेलं, विकून टाकू. मला वाटतं हे पण इतायनेच काहीतरी करून ठेवलं. काय बघताय एवढं तिथे? तेल? काय म्हणते? वाचा ना, मोठ्याने वाचा. — पातळी कमाल मर्यादेपेक्षा वर. तेल काढून टाका. — वर? कमी नाही, वर? — म्हणजे माझाच पेला? — आणि इंजिन? — अजून काही झालेलं नाही? खालचा बोल्ट काढून जास्तीचं तेल सोडलं की धूर बंद? बस्, एवढंच? अरे देवा! बेझालेलभाऊ, तुम्ही खरंच पेणकरांना ओळखत असतात तर मी तुमच्या गळ्यात पडले असते! मग विकायची कशाला? काहीच झालेलं नाही गाडीला! द्या किल्ली इकडे, पुढच्या गुरुवारी मी सोफीकडे — काय?

काय म्हणालात? — कसं दिसलं नाही म्हणजे? मुंग्यांएवढी अक्षरं, सांगितलं ना मी. — नाहीत? — केवढी? — बोटाच्या पेराएवढी? सगळ्या चौकटीभर? आणि पिवळा दिवा? कुठे, आता लागलेला आहे? आत्ता, या घडीला, माझ्यासमोर?

...

कडेने बघितलं तर दिसतो. हो. पिवळं काहीतरी आहे तिथे. सरळ बघितलं की नाही. मधलं जातं. माणसाचं पण मधलं जातं, नाक, तोंड — तुमचा शर्ट मला दिसतो, तुम्ही नाही दिसत. मला वाटलं, चष्मा. मला वाटलं, ऊन. तो रशियन आकाशातून पडला नव्हता, नाही का? तो मधेच होता. माझ्या बरोबर मधे.

म्हणजे गाडी खरंच सांगत होती मला. मलाच.

न्या. किल्ली तुमच्याच हातात आहे ना, न्या मग, माझं मन फिरायच्या आत. कागद रविवारी रोनित करील. तिला सांगा गाडीच खराब होती, म्हातारी बाई ठीक होती — नको, काही सांगू नका, मीच सांगेन. तिलाच मला डॉक्टरकडे न्यावं लागणार. आणि सोफीचं — दोन बसा तर दोन बसा, लवकर निघेन. आणि ऐका, ते जास्तीचं तेल काढाल ना खालून, ते गटारात सोडू नका, डब्यात धरा. नवं तेल आहे. आपण तेल फेकत नाही.

जा आता. शब्बात यायला आला, मला दिवा भरायचाय. — नको, मदत नको, त्याला डोळे लागत नाहीत. पेल्यात बोट घालते मी. जा.